कुणात किती पाणी

तीन आठवडे थांबले असते, तर पंचाहत्तर लाख डॉलर वाचले असते.

२०२२ च्या ११ सप्टेंबरला नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढून टाकलं. करारानुसार त्यांना द्यावे लागणार होते सुमारे दीड कोटी डॉलर. एक ऑक्टोबर उजाडला असता, की हीच रक्कम निम्म्यावर येणार होती. विद्यापीठाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, करार त्यांचाच. पण आदल्याच दिवशी संघ घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्न नावाच्या त्या मानाने लहान संघाकडून ४५-४२ असा हरला होता, आणि त्यानंतर तीन आठवडे काढायची कुणाचीच तयारी नव्हती.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या पोरांचा संघ, त्यात एवढं काय? म्हणून आधी थोडं नेब्रास्काविषयी. अमेरिकेच्या मधोमध पसरलेलं हे मक्याचं आणि गुरांचं राज्य. अख्ख्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या इंदूर शहरात आज त्याहून जास्त माणसं राहतात. राज्याला व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही. जे काही आहे ते लिंकन गावातल्या विद्यापीठाचा लाल झग्यांतला संघ. त्याच्या स्टेडियममध्ये ऐंशी हजारांच्या वर माणसं बसतात, आणि १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. सलग सामन्यांचा आकडा चारशेच्या पुढे गेला. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर असतं, असं तिथले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि हिशेबाने ते बरोबरही आहे.

(हा फुटबॉल म्हणजे गोव्यात आणि बेळगावात खेळतात तो नव्हे, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. हातात लंबगोल चेंडू, डोक्याला हेल्मेट, आणि समोरच्याला अंगावर घेऊन यार्डा-यार्डाने पुढे सरकायचं.)

या लोकांनी वैभव पाहिलेलं आहे, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. टॉम ऑस्बोर्न हे प्रशिक्षक १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं होते. २५५ विजय, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्यांच्या शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली. त्यातला १९९५ चा संघ तर अजूनही लोकांच्या स्वप्नात येतो. हंगामाअखेरीस त्यांनी फ्लोरिडाला ६२-२४ असं लोळवलं, त्यात टॉमी फ्रेझियर या क्वार्टरबॅकने अंगाला लोंबकळणारे खेळाडू झटकत ७५ यार्डांची धाव घेतली. ती फिल्म तिथल्या पोरांना पाठ असते. शेतावरची, छोट्या गावांतली मुलं शिष्यवृत्तीशिवाय स्वखर्चाने संघात यायची, चार-चार वर्षं घाम गाळून जागा मिळवायची. बचाव फळीतल्या निवडक खेळाडूंना सरावात काळे शर्ट मिळायचे, आणि तो काळा शर्ट म्हणजे गावाकडे मानाचा फेटा बांधण्यासारखंच. आपण बाकीच्यांपेक्षा हुशार आहोत असं नेब्रास्काचे लोक कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, आपण जास्त कणखर आहोत.

मग घसरण सुरू झाली. २००३ मध्ये नऊ सामने जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला घरी पाठवलं, पुढच्याच वर्षी १९६१ नंतर पहिल्यांदा पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. एकामागून एक प्रशिक्षक आले. शेवटी आला तो घरचाच मुलगा. स्कॉट फ्रॉस्ट याच राज्यातला, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, आणि नुकताच सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला अपराजित हंगाम मिळवून दिलेला. लोकांना वाटलं, आता जुने दिवस परत येणार. पहिल्या वर्षी पहिले सहाच्या सहा सामने हरले.

इथे चाहत्यांच्या तोंडी एक शब्द येतो, ‘सॉफ्ट’. आपल्याकडे याला जास्त नेमके शब्द आहेत. अंग चोरतात. अंगात पाणी नाही. कुस्तीच्या मैदानात बसलेला एखादा म्हातारा दोन मिनिटांत ओरडतो, ‘अरे नुरा आहे ही, नुरा!’ त्याला हरण्याचा राग नसतो, दोघे मनापासून लढत नाहीत याचा असतो. नेब्रास्काच्या चाहत्याचंही तेच म्हणणं: हरा, पण अंग झोकून हरा. ऐकायला हे फार रास्त वाटतं. प्रश्न असा, की अंग झोकलंय की नाही हे ऐंशी हजारांतल्या एका खुर्चीतून कळतं कसं?

२०२१ चा हंगाम घ्या. नेब्रास्काने १२ पैकी ९ सामने गमावले. हे नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे. ओक्लाहोमाकडून ७ गुणांनी, मिशिगनकडून ३ गुणांनी, ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघाकडूनही ९ गुणांनीच. हंगामभराची बेरीज केली तर संघाने ३३५ गुण मिळवले आणि २७२ दिले. म्हणजे दिल्यापेक्षा जास्त मिळवून ३-९! असा हिशेब मी तरी दुसरा पाहिलेला नाही. चाहत्यांनी यातून काढलेला अर्थ सरळ होता: शेवटच्या पाच मिनिटांत हे कच खातात.

त्यातला मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना मला सगळ्यांत बोलका वाटतो. उत्तरार्धात नेब्रास्काच्या बचाव फळीने समोरच्या संघाला अक्षरशः हलू दिलं नाही, दहा यार्ड सलग पुढे जाणंसुद्धा त्यांना एकदाही जमलं नाही. सामना सात गुणांनी हातात होता, चार मिनिटांच्या आसपास उरली होती. नेब्रास्काने चेंडू लांब मारून द्यायचा ठरवला. ठरलं होतं उजवीकडे मारायचं, म्हणून बाकीचे दहाजण जीव खाऊन उजवीकडे धावले. चेंडू गेला डावीकडे. तिथे मिशिगन स्टेटचा जेडन रीड एकटा उभा होता. त्याने तो झेलला आणि मोकळ्या मैदानातून थेट टचडाऊन केला. बरोबरी झाली, जादा वेळेत नेब्रास्का २३-२० हरला. आता सांगा, यात अंग कुणी चोरलं? दहाही जण पूर्ण वेगाने धावत होते, फक्त चुकीच्या बाजूला.

त्याच सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ याचा जबडा मोडला. हे बाहेर आलं काही आठवड्यांनी. तोवर तो मोडक्या जबड्यानिशी आणि मुरगळलेल्या घोट्यानिशी खेळत होता, आणि हातून सुटलेले चेंडू, चुकलेले पास यांचा हिशेब लोक ठेवतच होते. दात आवळून खेळणं असं आपण सहज म्हणतो. याला दात आवळणंही शक्य नव्हतं.

याचा अर्थ चाहत्यांचं सगळंच चूक, असं मी म्हणणार नाही. एक-दोन निसटते पराभव दैवावर ढकलता येतात, नऊ ढकलता येत नाहीत. सराव कच्चा होता, मोक्याच्या क्षणी काय करायचं हे घोटून घेतलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल प्रशिक्षकाला जाब विचारलाच पाहिजे. हंगाम संपायच्या आधीच फ्रॉस्टने चार सहायकांना काढलं, ते उगाच नाही. आणि अंगचोरपणा मुळात नसतोच असंही नाही. सामन्याची फिल्म बघताना प्रशिक्षक मुद्दाम चेंडूपासून लांब असलेल्या खेळाडूंकडे बघतात: चेंडू दुसऱ्या टोकाला गेल्यावर कोण धावत राहिला, कोण चालायला लागला. त्याची नोंद होते, सोमवारी सगळ्यांसमोर ती दाखवली जाते. पण खुर्चीतला माणूस नेमका चेंडूकडेच बघत असतो. त्याला दिसतो तो हुकलेला टॅकल. आणि टॅकल बहुतेकदा हुकतो तो धावायचा कोन चुकल्यामुळे किंवा डोकं खाली घातल्यामुळे. यात जिगरीपेक्षा तालमीचा भाग मोठा.

नव्वदीतल्या त्या कणखरपणाचंही असंच आहे. नेब्रास्काने १९६९ मध्येच बॉईड एप्ली नावाचा पगारी व्यायाम-प्रशिक्षक नेमला. वजनं उचलल्याने खेळाडू जड आणि मंद होतो, असं बहुतेक प्रशिक्षक समजत होते तेव्हाची ही गोष्ट. पुढे सगळ्यांनीच व्यायामशाळा बांधल्या. शिष्यवृत्त्यांची संख्याही मर्यादित झाली, चांगले खेळाडू शंभर ठिकाणी विखुरले, आणि टेक्सास-फ्लोरिडातल्या मुलाला बर्फाळ लिंकनला बोलावणं कठीण होत गेलं. लोकांना वाटतं पोरांतला दम गेला. माझ्या मते दम तेवढाच असेल, पण बाकीच्यांवरची वीस वर्षांची आघाडी गेली.

पण ‘सॉफ्ट’ हा शब्द एकदा चिकटला, की प्रशिक्षकालाही तो पुसून दाखवावा लागतो. मला या सगळ्यात भीती वाटते ती इथे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्रॉस्टने सांगितलं, की आघाडीच्या फळीतले खेळाडू इतके राबताहेत की प्रत्येक सरावात पंधरा-वीस उलट्या होतात. हे तो कौतुकाने सांगत होता! मेहनतीचा पुरावा म्हणून उलट्या मोजणं, यापलीकडे काय बोलणार? महिन्याभरात तो घरी गेला, उलट्यांनी एकही सामना जिंकून दिला नव्हता असं नाही, पण तीनांतला एकच.

या विचाराला जुनी परंपरा आहे. १९५४ मध्ये बेअर ब्रायंट या नामवंत प्रशिक्षकाने टेक्सास ए अँड एमच्या सुमारे शंभर खेळाडूंना जंक्शन नावाच्या गावी नेलं. दुष्काळ, रणरणतं ऊन, दहा दिवस, आणि सरावात पाणी प्यायला बंदी. पाणी मागणं म्हणजे कच्चेपणा. रात्री-अपरात्री मुलं पळून जाऊ लागली. शेवटी तिसाच्या आसपास उरले. या दहा दिवसांवर पुढे पुस्तक आलं, चित्रपट आला, आणि उरलेले दंतकथा झाले. दोन वर्षांनी तो संघ अपराजित राहिला हे सगळे सांगतात. त्याच वर्षी, जंक्शनहून आल्या आल्या, दहांतले नऊ सामने हरला, हे कमी लोक सांगतात.

आणि ही गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ च्या २९ मे रोजी मेरीलँड विद्यापीठात सराव चालू होता. जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू ११० यार्डांच्या धावा पुन्हा पुन्हा काढता काढता कोसळायला आला. त्याला उष्माघात झाला होता. अशा वेळी एकच उपाय असतो, माणसाला तातडीने थंडगार पाण्यात बसवायचं. ते केलं गेलं नाही. १३ जूनला जॉर्डन गेला. नंतर चौकशी झाली, विद्यापीठाने चूक मान्य केली. ‘पोरांना टणक करण्याच्या’ नावाखाली तिथे धाक, शिव्या आणि अपमान कसा चालत होता, ते खेळाडूंनीच सांगितलं. तरीही ३० ऑक्टोबरला प्रशिक्षकाला पुन्हा कामावर घेतलं गेलं. इतकी ओरड झाली की दुसऱ्याच दिवशी काढावं लागलं.

आपण अंगात पाणी आहे का विचारतो, आणि त्या मुलाला हवं होतं ते खरंखुरं पाणी, बर्फाचं, टबभर.

अलीकडे या तक्रारीला नवा सूर लागला आहे. जुलै २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे कमवू शकतात. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली, एका विद्यापीठाला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत. पटलं नाही तर संघ बदलणंही सोपं झालं. त्यामुळे आता चाहता म्हणतो, पगार घेता ना, मग राबा. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावानंतर फोनवर जे चालतं तेच. पैसे घेणाऱ्याकडून काम मागणं मला गैर वाटत नाही. उलट अठरा वर्षांच्या मुलाकडून फुकटात ‘विद्यापीठासाठी रक्त सांडायची’ अपेक्षा होती, त्यापेक्षा हे बरं. पण मोडक्या जबड्याचा भाव त्या करारात कुठे लिहिलेला असतो, ते कुणी दाखवलं तर बघायला आवडेल.

नेब्रास्काचं पुढे काय झालं? नवे प्रशिक्षक मॅट रूल आले. २०२३ मध्ये पुन्हा पराभवच जास्त, सलग सातव्या वर्षी. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र विस्कॉन्सिनला ४४-२५ असं हरवून त्यांनी हंगामातला सहावा विजय मिळवला, म्हणजे २०१६ नंतर पहिल्यांदा हंगामाअखेरच्या जादा सामन्याचा मान. लिंकनमध्ये आनंदीआनंद. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या आयोवाशी सामना. शेवटच्या क्षणी आयोवाने फील्ड गोल मारला आणि १३-१० ने जिंकला. आदल्या वर्षीही याच दोघांचा सामना १३-१० असाच, शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर संपला होता.

तुमच्यापैकी ज्यांची भावंडं तिकडे शिकताहेत, त्यांनी विचारून बघा: त्या रात्री लोक काय म्हणत होते. आणि पुढच्या हंगामाचं तिकीट मिळतं का, तेही विचारा.