चिठ्ठीचा न्याय

परवां एका महाविद्यालयीन सभेंत एका विद्वान गृहस्थांनीं नव्या अध्यापनपद्धतीचें गुणगान केलें. सकाळीं सहा वाजतां भरणाऱ्या जादा वर्गांत बसलेले विद्यार्थी परीक्षेंत इतरांच्या पुढें गेले. तेव्हां ही पद्धति ‘प्रयोगानें सिद्ध’ झाली, असा त्यांचा सिद्धान्त. त्या वर्गास विद्यार्थी कोणीं निवडले, असें मीं विचारतां उत्तर मिळालें, ‘ज्यांना यावेंसें वाटलें ते आले.’ पहांटे अंथरूण सोडून येणारा विद्यार्थी त्या वर्गावांचूनही पुढें गेला नसता कशावरून? ह्या शंकेस उत्तर म्हणून केवळ शेंकडों विद्यार्थ्यांचे आकडे पुढें करण्यांत आले. त्या आकड्यांस उत्तर देणें हा ह्या लेखाचा हेतु आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें: प्रयोगांत माणसें किती घेतलीं हा दुय्यम प्रश्न होय. त्यांची वांटणी कोणीं व कशी केली हा पहिला. वांटणींत खोट असेल तर ती मोठ्या संख्येनें धुऊन निघत नाहीं; उलट चुकीच्या निष्कर्षास संख्येचें वजन मात्र लाभतें.

स्कॉटलंडमधील लॅनर्कशायर परगण्यांत १९३० सालीं फेब्रुवारी ते जून असे चार महिने ६७ शाळांतील सुमारें २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. १०,००० मुलांस रोज पाऊण पिंट, म्हणजे सुमारें ४२५ मिलिलिटर, दूध मिळालें. त्यांतील निम्म्यांस कच्चें, निम्म्यांस पाश्चरीकरण केलेलें. उरलेल्या १०,००० मुलांस दूध नाहीं. त्यांचीं केवळ मापें घ्यावयाचीं. आरंभीं व अखेरीस सर्वांचें वजन व उंची मोजण्यांत आली. दुधानें मुलांची वाढ होते, व दोन्ही प्रकारचें दूध सारखेंच गुणकारी आहे, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यांतील विल्यम गॉसेट ह्यांनीं ‘स्टुडंट’ ह्या टोपणनांवानें १९३१ सालीं ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकांत ह्या इमारतीचा पाया उकरून दाखविला. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून किंवा नांवांच्या वर्णानुक्रमानें करावयाची होती. परंतु एखाद्या गटांत धष्टपुष्ट वा रोडक्या मुलांचा भरणा अधिक दिसल्यास कांहीं मुलें बदलण्याची मुभा शिक्षकांस होती. परिणाम असा, कीं दुधाचा पहिला पेला भरण्यापूर्वींच दूध न मिळणारीं मुलें वजनांत सुमारें तीन महिन्यांच्या व उंचींत चार महिन्यांच्या वाढीइतकीं पुढें होतीं. शिक्षकांच्या मनांतील कणवेनें नकळत दूध गरीब मुलांकडे वळविलें, असा गॉसेट ह्यांचा तर्क. त्यांत मोजणी कपड्यांसह. हिंवाळ्यांत जाड कपडे घालणारें सुखवस्तु मूल जूनमध्यें हलकें होतें. गरिबाच्या अंगावर दोन्ही ऋतूंत बहुधा तेच कपडे. एका गटाची वाढ अशी कपड्यांच्या हिशेबांत बुडाली, आणि तिचें श्रेय दुधाच्या पदरीं पडलें. शिवाय कोणत्याही एका शाळेंत दोन्ही प्रकारचें दूध दिलेलें नव्हतें. तेव्हां दुधादुधांची तुलना वस्तुतः शाळाशाळांची तुलना झाली. गॉसेट ह्यांनीं सुचविलेला उपाय पाहा: एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, नाणें उडवून प्रत्येक जोडीची वांटणी करा, ह्या वीस हजारांहून अधिक भरंवशाचें उत्तर मिळेल.

‘भुकेल्या मुलास दूध दिलें, ह्यांत पाप काय?’ असें कोणी विचारील. पाप मुळींच नाहीं. दान करावयाचें तर तें उघडपणें, सर्व गरजूंस करावें. पण दानास प्रयोगाचें नांव देऊन त्यांतून पुरावा काढूं नये.

हा प्रश्न आपल्याकडे त्याहूनही आधीं, प्लेगच्या साथींत, उभा राहिला होता. वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं १८९७ च्या जानेवारींत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, व मग भायखळ्याच्या तुरुंगांत स्वखुषीनें पुढें आलेल्या सुमारें निम्म्या कैद्यांस टोंचली. टोंचलेल्यांत पुढें दोघांस प्लेग झाला, मेला कोणी नाहीं. न टोंचलेल्यांत १२ जणांस झाला व ६ दगावले. परंतु स्वखुषीनें पुढें येणारा कैदी मागें राहणाऱ्यासारखाच होता काय? १८९८ च्या फेब्रुवारींत बडोद्याजवळील उंडेरा गांवीं मात्र प्रत्येक कुटुंबांतील सुमारें निम्म्या माणसांस लस देण्यांत आली: तेंच छप्पर, तोच उंबरा, तेच उंदीर. ज्या घरांत पुढें प्लेग शिरला, त्यांतील ७१ टोंचलेल्यांपैकीं ८ आजारी पडले व ३ मेले. ६४ न टोंचलेल्यांपैकीं २७ आजारी पडले व २६ मेले. निवड माणसाच्याच हातची होती, हा दोष राहिलाच. तरी भायखळ्याहून हें प्रमाण किती भक्कम!

त्या २६ जणांचा विचार मनांतून जात नाहीं. ‘जिवावर चिठ्ठ्या टाकणें हें क्रौर्य’ असें म्हणणारे ह्याच आकड्याकडे बोट दाखवितील. औषधाचा गुण आधींच ठाऊक असेल, तर चिठ्ठी टाकणें पापच होय. ठाऊक नसेल, तर निवडणाऱ्याची दया म्हणजे अज्ञानाचा अहंकार. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाचा स्ट्रेप्टोमायसिनचा प्रयोग १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. औषध सर्वांस पुरण्याइतकें नव्हतेंच. क्षयाच्या १०७ रोग्यांची वांटणी मोहोरबंद लिफाफ्यांनीं ठरली. डॉक्टरांनाही ती आधीं कळत नसे. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४, व केवळ विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४ रोगी दगावले. एवढ्याशा संख्येनें जें स्पष्ट सांगितलें, तसें लॅनर्कशायरच्या वीस हजारांस सांगतां आलें नाहीं. मेलेल्यांचें ऋण एकाच मार्गानें फिटतें: त्यांच्या मृत्यूंतून निघालेलें ज्ञान खरें असावें. वांटणी फसली, तर ते मृत्यु फुकट जातात.

सहा वाजतांच्या वर्गांत कोणी मरत नाहीं, हें खरें. परंतु त्याच पुराव्यावर उद्यां हजारों मुलांस पहांटे उठविलें जाईल, आणि पद्धति फसली तर दोष मुलांच्या आळसास दिला जाईल. तेव्हां नांव नोंदविणाऱ्यांतूनच चिठ्ठ्या टाकून निम्म्यांस वर्गांत घ्या, निम्म्यांस थांबवा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास कोण कोणत्या गटांतला हें कळूं देऊं नका. मग जो निकाल लागेल तो मी निमूटपणें मान्य करीन. तोंपर्यंत ‘प्रयोगानें सिद्ध’ हे दोन शब्द त्या विद्वान गृहस्थांनीं जपून वापरावेत.