फावल्या वेळचे उद्योग : आटणारीं चित्रें

नवें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. शिंप्याकडे देण्यापूर्वीं तें एकदां पाण्यांतून काढावें, हा धडा प्रत्येक घरानें एखाद्या परकराची किंवा सदऱ्याची किंमत देऊन घेतलेला असतो. परंतु कांचेसारख्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर तळहाताएवढें चित्र काढावें, तो पत्रा ओव्हनमध्यें ठेवावा, आणि दोन-तीन मिनिटांत तेंच चित्र, एकही रेघ न गमावतां, बोटाच्या दोन पेरांएवढें होऊन बाहेर यावें, हा प्रकार आम्हीं गेल्या दिवाळींत मोहने येथें एका स्नेह्यांच्या घरीं प्रथमच जवळून पाहिला. बाजारांत या पत्र्यास 'श्रिंक शीट' म्हणतात. मुलांचा खेळ म्हणून आम्हीं त्याकडे आरंभीं जरा उपेक्षेनेंच पाहिलें, हें कबूल केलें पाहिजे.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीनें शहाडपुढील आंबिवली स्थानकावर उतरलें म्हणजे मोहने जवळच आहे. उल्हास नदीकांठचें हें गांव आतां कल्याण-डोंबिवली महापालिकेंत मोडतें. तथापि दोन पिढ्यांस त्याची ओळख होती ती नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळें. १९४६ सालीं स्थापन झालेल्या कंपनीचा हा कारखाना २००९ सालीं बंद पडला. आमचे स्नेही, ज्यांस घरांत सारेच अण्णा म्हणतात, तेथें सूत काढण्याच्या खात्यांत सत्तावीस वर्षें होते. त्यांच्या घरांत चार पिढ्या एकत्र नांदतात, आणि सर्वांत वडील म्हणजे अण्णांच्या मातोश्री, माई. वय वर्षें ८७.

माईंचें अक्षर हा त्या घराचा एक दागिना होता. चाळीस वर्षें घरची सारी पत्रापत्री त्यांच्या हातची. कार्याच्या याद्या त्यांच्या हातच्या. देवघरांतील पोथीचीं फाटलीं-जीर्ण झालीं तीं पानें त्यांनींच पुन्हां उतरून काढलेलीं. गेलीं तीन वर्षें हात कांपूं लागला. मागील वर्षीं सही जुळत नाहीं म्हणून एका बँकेंत त्यांस अंगठा उठवावा लागला. घरीं येऊन त्यांनीं पेन कपाटांत ठेवलें, तें पुन्हां बाहेर काढलें नाहीं. त्याविषयीं त्या कोणाशीं बोलल्या नाहींत, व घरांतील कोणी विचारलेंही नाहीं.

आम्ही गेलों त्या दिवशीं मुलांनीं जेवणाचें मेज अडवून ठेवलें होतें. भाऊबिजेस येणाऱ्या प्रत्येकासाठीं किल्ल्यांच्या जुडग्यास अडकवावयाचें एकेक नांवाचें पदक करावयाचें होतें. चित्रें मुलें काढीत होतीं. पण अक्षर कोणाचें? धाकटीनें पत्रा उचलून सरळ माईंपुढें नेला.

"माईआजी, तूं हवं तेवढं मोठं लिही. लहान आम्ही करून देतों."

माई प्रथम नको म्हणाल्या. मग सूनबाईंनींही आग्रह केला, तेव्हां त्यांनीं मार्कर हातीं घेतला आणि पत्राभर अक्षरांत अण्णांचें नांव लिहिलें. वेलांटी थरथरली, काना नागमोडी गेला. मुलांनीं तुकडा कापून ओव्हनमध्यें ठेवला. अर्ध्या मिनिटांत तो साप डिंवचावा तसा गुंडाळूं लागला. थोरला घाबरला, त्यानें दार उघडून कांट्यानें तो सरळ करावयास घेतला, आणि मऊ झालेलीं दोन्ही टोकें एकमेकांस चिकटून त्याचा नुसता गोळा झाला. मुलें गप्प झालीं. माईंनीं तो गोळा हातांत घेऊन पाहिला व म्हणाल्या, "खरं सांगायचं तर आतांच तो माझ्या अक्षरासारखा दिसतो." मग त्या उठून आंत गेल्या.

थोरला रडावयाच्या बेतांत होता. अण्णांनीं त्यास जवळ बसवून जें सांगितलें तें आम्हीं येथें थोडक्यांत देतों. कारण कृतीतील सारी खुबी त्या कारणांतच आहे.

हा पत्रा पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचा असतो. त्याचे रेणू लांबच लांब सांखळ्यांसारखे असून स्वभावतः लोंकरीच्या गुंत्याप्रमाणें वेटोळे घालून राहतात. कारखान्यांत पत्रा तापवून तो लांबी-रुंदी अशा दोन्ही अंगांनीं ताणतात आणि ताणलेला असतांनाच थंड करतात. सांखळ्या ताठ झालेल्या स्थितींतच गोठतात. पुढें सुमारें १०० अंशांवर उष्णता गेली कीं त्या मोकळ्या होतात आणि मूळच्या वेटोळ्यांत परततात. पत्रा लांबी-रुंदींत निम्म्याहूनही कमी, म्हणजे सुमारें चार-साडेचार दशांश उरतो. पण वजन तेंच असल्यामुळें जाडी पांचसहापट होते. सर्व भाग एकाच क्षणीं तापत नाहींत, म्हणून मध्यंतरीं तो गुंडाळतो, आणि सर्वत्र सारखी उष्णता पोंचली कीं आपण होऊनच पुन्हां सपाट होतो. धीर धरणें एवढेंच काम. सुती कापडाचेंही कारण पुष्कळसें असेंच आहे: मागावर व पुढील संस्कारांत ताणलेले धागे पाण्यांत सैल होऊन मूळपदास येतात.

"आम्ही सुताला ताण द्यायचों तो उगीच नाहीं," अण्णा म्हणाले. रेयॉन हें प्लॅस्टिकसारखें तेलापासून होत नाहीं. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची क्रिया करून मधासारखा दाट रस करतात, तो अति बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या पाण्यांत सोडतात, आणि धागा गोठत असतां त्यास ओढतात. इंग्लंडांत क्रॉस, बेव्हन व बीडल यांनीं १८९२ सालीं ही रीत काढली. त्या ओढण्यानें रेणू एका रांगेंत येतात व सुतास बळ येतें. पदार्थ निराळे, पण ताण आंत सांठवून ठेवण्याची युक्ति एकच. सत्तावीस वर्षें जें यंत्रावर केलें तें अण्णा नातवंडांस जेवणाच्या मेजावर दाखवीत होते, आणि आम्हांस वाटतें, बऱ्याच दिवसांनीं त्यांस कोणी त्याविषयीं विचारलें होतें.

हा खेळ म्हणून प्रथम विक्रीस आणला तो अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांतल्या बेटी मॉरिस व केट ब्लूमबर्ग या दोन गृहिणींनीं, १९७३ सालीं. मूळ निमित्त मुलांच्या स्काउट-पथकाचा उद्योग. त्याची थोरवी पुढें अधिकच वाढली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सिड येथील नव्या शाखेंत मिशेल खाइन या विदुषींस सूक्ष्म नलिकांच्या प्रयोगांसाठीं लागणारी महागडी कार्यशाळा उपलब्ध नव्हती. त्यांनीं लहानपणचा हा खेळ आठवून पत्र्यावर छापयंत्रानें नकाशा छापला व तो लहानशा ओव्हनमध्यें आटविला. शाईच्या रेघा उंच उठून आल्या आणि सांचा तयार झाला. हें संशोधन २००८ सालीं प्रसिद्ध झालें. आमची उपेक्षा येथेंच गळाली.

आतां कृति. पत्र्याची एक बाजू बारीक पॉलिशपेपरनें हलकी घासावी म्हणजे रंगीत पेन्सिल धरते. गुळगुळीत बाजूस मार्कर चालतो. मेणाचे खडू वर्ज्य, ते वितळतात. रंग आटल्यावर गडद होतात, यास्तव फिकेच भरावे. कोपरे गोल कापावेत, नाहीं तर ते पुढें बोंचतात. कडी अडकविण्याचें भोंक कागदाच्या पंचानें आधींच पाडावें. सहा मिलिमीटरांचें भोंक अडीचवर येतें, आणि नंतर पत्रा इतका जाड व कठीण होतो कीं पंच चालत नाहीं. ओव्हन १५० ते १६५ अंशांवर आधीं तापवून, बेकिंगच्या कागदावर तुकडा ठेवावा. सपाट झाल्यावर अर्धें मिनिट थांबून काढावा आणि गरम आहे तोंवर कागद ठेवून वर जाड पुस्तक दाबावें. मायक्रोवेव्हच्या नुसत्या लहरींनीं हें काम होत नाहीं, कारण पॉलिस्टायरीन त्या लहरींनीं तापत नाहीं. कढईंत मीठ घालून नानकटाई भाजतात तशी युक्ति कोणी करूं नये. उष्णतेचा अंदाज राहत नाहीं, आणि हें प्लॅस्टिक पेटलें तर काळ्या धुराच्या काजळ्या सुटतात. खिडकी उघडी असावी, त्याच वेळीं ओव्हनमध्यें खाण्याचा पदार्थ नसावा, व ओव्हनशीं मोठें माणूस असावें.

विकतचा पत्रा महाग वाटून कोणी डब्यांचीं झांकणें वापरूं म्हणेल, तर त्रिकोणांतील आंकडा पाहावा. '६' असेल तरच तें पॉलिस्टायरीन. '१' असल्यास वेडेंवांकडें आकसतें. '३' असल्यास तें पी.व्ही.सी. होय, तें तापून जळूं लागलें तर घशास झोंबणारा आम्लाचा वायु सुटतो, म्हणून त्यास हात लावूं नये. थर्माकोल जातीनें '६'च, पण तो हवा भरून फुगविलेला. उष्णतेनें नुसता बसतो. झांकणावर आंकडाच नसेल तर तें टाकावें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही चहास उठलों तों माई मेजाशीं बसलेल्या. पुढें नवा पत्रा, हातांत मार्कर. त्यांनीं घरांतील अकरा जणांचीं नांवें एकेका ओळींत लिहून काढलीं होतीं, प्रत्येक अक्षर चार बोटें उंच. आम्हांस पाहून म्हणाल्या, "हात कांपतो तो लहान अक्षरालाही तेवढाच आणि मोठ्यालाही तेवढाच. मग मोठंच लिहावं." रात्रभर त्यांनीं हाच हिशेब केला असावा, आणि तो बिनचूक आहे. बारीक अक्षरांत जो कंप अक्षर बुडवितो, तोच पत्राभर अक्षरांत किरकोळ होतो; मग पत्रा आटतांना अक्षर व कंप दोन्ही बरोबरच धाकटीं होतात. डोळ्यांसही मोठें लिहिण्याचा त्रास नाहीं. जें नाजूक काम तरुण बोटांसच साधावें, तें सत्त्याऐंशीव्या वर्षीं साधलें.

या वेळीं थोरला हात मागें बांधून ओव्हनपुढें उभा राहिला. तुकडा गुंडाळला, वळवळला, उभा राहिला, आणि हळूहळू आडवा झाला. अण्णांच्या नांवांत वेलांटी किंचित् लवलेली होती, बाकी अक्षर जुन्या पत्रांतलेंच. माईंनीं तें चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिलें. बोलल्या कांहींच नाहींत. दुसरा पत्रा मात्र मागितला.

निघतांना आमच्या हातीं एक पदक आलें. त्यावर आमचें नांव होतें. धांदलींत भोंक पाडावयाचें राहून गेल्यामुळें तें जुडग्यास लावतां येत नाहीं, आणि सध्यां आमच्या लिहिण्याच्या मेजावर दौतीशेजारीं पडलेलें असतें.