शनिवार तेल्यांची मशीद

ज्यू म्हटले की आपल्याला हिटलर आणि जर्मनी आठवते, कारण पाठ्यपुस्तकात त्यांची गाठ तेवढ्यापुरतीच पडते. पण मराठी बोलणारे, गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव सांगणारे ज्यू महाराष्ट्रात शेकडो वर्षे राहिले आहेत. 'बूट पॉलिश' (१९५४) या चित्रपटातील डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, त्यांच्यापैकीच. या बेने इस्राएल लोकांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. धंदा तेल गाळण्याचा, पण शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून त्या दिवशी घाणा बंद!

देवळी तालुक्यात माझ्या आजोबांचाही घाणा होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणूनच हे नाव कानावर पडल्यापासून या लोकांचे प्रार्थनामंदिर पाहण्याची मला ओढ लागली. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलो असता तो योग आला.

मशीद बंदर स्टेशनाजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर 'शार हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे मंदिर आहे. कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये उभारले. १८६० मध्ये ते आजच्या जागी आले. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर दिवेकरांनी नवस फेडला, अशी कथा आहे. समाजातले लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत आणि स्टेशनाचे नावही त्यावरूनच पडले, असे सांगतात. आत मूर्ती नाही. पश्चिमेला, जेरुसलेमच्या दिशेने, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट आहे. मध्ये वाचनाचा चौथरा, वर स्त्रियांसाठी सज्जा.

'आम्ही त्यांना आश्रय दिला' असे आपण अभिमानाने सांगतो. हे वाक्य मला खटकते. त्यांनी कष्ट करून पोट भरले. आपण त्यांना नाव दिले, तेही जातीचे. पुढे त्यांच्यातच 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद झाला आणि बेटीव्यवहार थांबला. आपला रोग त्यांनाही लागला, दुसरे काय?

१९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत 'हे अस्सल ज्यू कशावरून?' अशी शंका काढली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले. अखेर १९६४ मध्ये तेथील सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या या तेल्यांजवळ कागदाचा कोणता पुरावा असणार? शनिवारी थांबलेला घाणा, खवले नसलेला मासा वर्ज्य, एवढेच ना? माझ्या मते हा पुरावा शिलालेखाइतकाच भक्कम आहे. कष्टकऱ्याला आठवड्यातून एक दिवस कमाई सोडणे किती जड जाते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिले आहे.

आपल्या वर्ध्यात १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत तेलघाणी सुधारण्याचे काम केले. त्याचा इतिहास लिहिला गेला. पण गावोगाव घाणा चालवणाऱ्या घरांचे रीतिरिवाज, त्यांचे शब्द, त्यांचे नेम यांची नोंद कोण करणार? मित्रहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरी सनदा नि ताम्रपट आहेत? इतिहास विभागाने अशा आठवणी टिपण्याचे काम आम्हा विद्यार्थ्यांकडे द्यावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने करता येईल : आजोबा, कोणत्या दिवशी तुम्ही काम बंद ठेवत होता, आणि का?