गुपित सरकारचे की सत्ताधाऱ्यांचे?

राफेल विमानखरेदीबाबतच्या फेरविचार याचिकांवर सुनावणी सुरू असताना ६ मार्च २०१९ रोजी महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयास सांगितले, की याचिकाकर्त्यांनी सादर केलेली कागदपत्रे संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेली आहेत. दोनच दिवसांत त्यांना खुलासा करावा लागला, की मूळ कागद जागेवरच आहेत. याचिकेला जोडल्या आहेत त्या छायाप्रती. या खुलाशाने सरकारची अब्रू थोडीफार वाचली, पण कागद खरे आहेत ही कबुलीही त्यातच आली. ‘द हिंदू’ या दैनिकाने हीच कागदपत्रे फेब्रुवारीत प्रसिद्ध केली होती आणि फ्रान्सबरोबरच्या वाटाघाटींत पंतप्रधान कार्यालय समांतर हस्तक्षेप करीत असल्याबद्दल संरक्षण मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी नोंदविलेली नाराजी त्यांतून उघड झाली होती.

१० एप्रिल २०१९ रोजी सरन्यायाधीश रंजन गोगोई, न्या. संजय किशन कौल व न्या. के. एम. जोसेफ यांनी सरकारचा आक्षेप एकमताने फेटाळला. अशी कागदपत्रे छापण्यास अटकाव करण्याची तरतूद शासकीय गुपिते कायद्यात नाही, आणि कागद कोणत्या मार्गाने आला यापेक्षा तो प्रकरणाशी संबंधित आहे की नाही हे महत्त्वाचे, असा त्या निकालाचा आशय होता. गंमत अशी, की १४ नोव्हेंबर २०१९ रोजी याच पीठाने फेरविचार याचिका मात्र फेटाळल्या. म्हणजे पुरावा ग्राह्य ठरला, पण चौकशीची मागणी टिकली नाही.

मग ज्याने तो कागद बाहेर पोहोचविला त्याने चूक केली काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गैरकारभार उघडकीस आणण्यासाठी सरकारी गुपित फोडणे समर्थनीय आहे काय, याचे उत्तर निव्वळ परिणामावरून देता येत नाही. कागद हाती असताना त्या अधिकाऱ्याला काय दिसत होते आणि त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता, हे आधी पाहावे लागते.

साहेबाच्या काळचे कुलूप

शासकीय गुपिते कायदा १९२३ चा. त्याचे मूळ १८८९ च्या कायद्यात आणि १९०४ मध्ये, लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, तो अधिक कडक करण्यात आला. परकीय राजवटीला आपल्या रयतेपासूनच बरेच काही लपवायचे होते, हे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र भारताने हे कुलूप कायम ठेवले. हेरगिरीसाठी या कायद्याचे तिसरे कलम आहे व ते असलेच पाहिजे. वादाचे आहे ते पाचवे. अनधिकृतपणे माहिती देणारा आणि घेणारा, दोघेही त्याच्या कक्षेत येतात. पण ‘गोपनीय’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कायद्यात कोठेही नाही. परिणामी फाइलीवर शिक्का मारणारा हात हाच व्यवहारात कायदा ठरतो.

या संदिग्धतेची किंमत इफ्तिखार गिलानी या दिल्लीतील पत्रकाराने मोजली. जून २००२ मध्ये त्यांना अटक झाली, ती काश्मीरमधील सैन्याविषयीची माहिती संगणकात बाळगल्याबद्दल. ही माहिती पाकिस्तानातील एका संस्थेने आधीच प्रसिद्ध केलेली होती. तिच्यात गुप्त असे काही नाही, हे लष्करी गुप्तवार्ता विभागाने मान्य करेपर्यंत गिलानी सुमारे सात महिने तिहारमध्ये होते. जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून २००६ मधील पहिल्याच अहवालात हा कायदा रद्द करून राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात मोजक्या तरतुदी समाविष्ट कराव्यात, अशी शिफारस केली. त्यानंतर केंद्रात यूपीएचे सरकार होते, पुढे एनडीएचे आले. शिफारस कपाटातच राहिली.

दुसरीकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने याच कुलपाला एक किल्ली बसविली. त्याच्या आठव्या कलमातील दुसऱ्या पोटकलमानुसार, माहिती उघड केल्याने होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर शासकीय गुपिते कायदा आड येत नाही. म्हणजे लोकहित आणि गोपनीयता यांचे तोलमाप संसदेनेच मान्य केले आहे. मात्र तराजू दिला तो माहिती अधिकाऱ्याच्या हाती. आणि तो अधिकारी त्याच कार्यालयातला असतो, ज्याला माहिती द्यायची नसते.

वरून फुटते ते धोरण

राजधानीत काही वर्षे काढलेल्या कोणाही मराठी अधिकाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. येथे बहुतेक गुपिते खालून नव्हे, वरून फुटतात. मंत्रिमंडळाच्या बैठकीचा तपशील ‘सूत्रांच्या हवाल्याने’ बाहेर येतो, चौकशी अहवालातील सोयीची पाने संसदेत मांडण्यापूर्वी छापून येतात, प्रतिस्पर्ध्याची फाइल नेमकी निवडणुकीच्या तोंडावर सापडते. अशा फुटीबद्दल शासकीय गुपिते कायदा सहसा जागा होत नाही. तो जागा होतो तो परवानगीविना फुटलेल्या कागदाबद्दल.

महाराष्ट्राने याचा नमुना जवळून पाहिला आहे. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पोलिस बदल्यांतील कथित गैरव्यवहाराविषयीचा राज्य गुप्तवार्ता विभागाचा अहवाल पत्रकारांपुढे आणला आणि सामग्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांकडे सुपूर्द केली. मुंबईच्या सायबर पोलिसांनी अज्ञात व्यक्तींविरुद्ध शासकीय गुपिते कायद्यान्वये गुन्हा नोंदविला. मार्च २०२२ मध्ये फडणवीसांचा जबाबही झाला. त्याच वर्षी राज्यात सत्तांतर झाले आणि तपास सीबीआयकडे गेला. एका बाजूला ते लोकहिताचे प्रकटन होते, तर दुसऱ्या बाजूला गोपनीय फोन-टॅपिंगचा दुरुपयोग. कोणाचे खरे, या वादात न पडताही एवढे दिसते, की गुपित कोणते हे सत्तेवर कोण आहे यावरून ठरत होते.

सरळ मार्गाची किंमत

‘अधिकाऱ्याने वरिष्ठांकडे तक्रार करावी, वृत्तपत्राकडे का जावे?’ हा आक्षेप रास्त आहे. केंद्रीय सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील अकरावा नियमही अनधिकृत माहिती देण्यास मनाई करतो. पण हा सरळ मार्ग सत्येंद्र दुबे यांनी चोखाळला होता. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांविषयी या तरुण अभियंत्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयास लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. सीबीआयने ती लूटमारीतून झाल्याचा निष्कर्ष काढला व २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. हत्येचे कारण तेच मानले तरी सरकारने राखायचे एकमेव गुपित, म्हणजे तक्रारदाराचे नाव, सरकारनेच राखले नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

दुबे प्रकरणानंतर एप्रिल २००४ मध्ये अशा तक्रारींसाठी केंद्रीय दक्षता आयोगाकडे व्यवस्था करण्यात आली. पुढे कायदाही झाला; त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी मे २०१४ मध्ये झाली. पण तो अमलात आणणारी अधिसूचना दशक उलटून गेले तरी निघालेली नाही. उलट २०१५ मध्ये त्याला कात्री लावणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने संमत केले. राज्यसभेत ते अडकले व पुढे व्यपगत झाले. १९२३ चा कायदा जागता आणि २०१४ चा निद्रिस्त, अशा स्थितीत सरळ मार्गाचा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार सरकारला कितपत उरतो?

बिभीषणाची कसोटी

अर्थात, फुटलेला प्रत्येक कागद पवित्र नसतो. ‘घर का भेदी लंका ढाए’ ही म्हण दिल्लीत असे कागद फोडणाऱ्यास हटकून ऐकविली जाते. पण बिभीषणाची कथा पुरती आठवावी. त्याने आधी भरदरबारात रावणास सुनावले, अपमान सोसला आणि मगच लंका सोडली. त्याचे हे वर्तन कसोटीस उतरते. तरीही लोकमनात तो ‘घरभेदी’ राहिला, याचे एक कारण असे असावे, की अखेरीस लंकेचे राज्य त्यालाच मिळाले.

या कथेतच निकष सापडतात. गैरकृत्य गंभीर असावे, धोरणाबद्दलचा निव्वळ मतभेद नसावा. आतील दार ठोठावलेले असावे किंवा ते उघडणार नाही असे मानण्यास ठोस कारण असावे. जेवढे आवश्यक तेवढेच बाहेर यावे. सैन्याच्या हालचाली, खबऱ्यांची नावे किंवा निरपराधांचे खासगी जीवन त्यात नसावे. आणि फोडणाऱ्याच्या पदरात बढती, पैसा वा पक्षाची उमेदवारी पडू नये. बोफोर्स प्रकरणातील कागदपत्रे देणारे स्वीडिश पोलिस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी आपले नाव जाहीर केले ते २०१२ मध्ये, म्हणजे पाव शतकाने. त्यांनी त्या मौनाचे मोल कोणाकडे मागितले नाही.

या निकषांवर उतरणाऱ्या अधिकाऱ्याचे कृत्य, नियमभंग असूनही, समर्थनीय मानले पाहिजे आणि ‘लोकहितासाठी केले’ हा बचाव न्यायालयात मांडण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला पाहिजे. निकष पाळले की नाहीत, हे न्यायाधीश ठरवतील. त्यासाठी पाचव्या कलमाची फेररचना लागेल, आणि २०१४ च्या कायद्याची अधिसूचना तर कोणत्याही दिवशी राजपत्रात छापता येईल. तोपर्यंत फाइलीवर ‘असहमत’ असा शेरा लिहिणारा अधिकारी एकटाच आहे. त्याच्या शेऱ्याचे पुढे काय झाले, हे देशाला कळायचे असेल, तर ते कळविण्याची जोखीम आजही त्यालाच पत्करावी लागते.