दगडावरचे हत्ती, वाळूतले पाणघोडे

मुलांनो, आज एका कोड्यानं सुरुवात करू या. जिथं प्यायला पाणी नाही, नदी नाही, तळं नाही, डोळे पोहोचतील तिथवर नुसती वाळू आणि दगड, अशा ठिकाणी पाणघोडा कसा काय आला?

आला कसा म्हणजे, चित्रात आला. आफ्रिकेत सहारा नावाचं जे अवाढव्य वाळवंट आहे, त्याच्या मध्यावर, अल्जीरिया देशात, तासिली नावाचं पठार आहे. तिथल्या दगडांवर जुन्या माणसांनी काढलेली आणि कोरलेली पंधरा हजारांहून जास्त चित्रं आहेत. त्यांत पाणघोडे आहेत, मगरी आहेत, हत्ती आहेत, आणि गाईंचे कळपच्या कळप आहेत. गाई हाकणारी माणसं आहेत. आता सांगा, ज्यानं पाणघोडा कधी पाहिलाच नाही, तो त्याचं चित्र काढील का? नाही ना! मग एकच उत्तर उरतं. ज्या काळी ही चित्रं काढली, त्या काळी तिथं वाळवंट नव्हतं. पाऊस पडत होता, गवत उगवत होतं, तळी भरत होती. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पाऊस हळूहळू आटला, माणसं आणि गुरं पाण्याच्या शोधात निघून गेली, आणि मागं राहिली ती चित्रं. पुढं शास्त्रज्ञांनी आटलेल्या तळ्यांचा गाळ तपासला, त्यातले फुलांचे परागकण भिंगाखाली पाहिले, तेव्हा हीच गोष्ट निघाली. चित्रकारांनी ती आधीच सांगून ठेवली होती.

ही चित्रं मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, आपल्या इकडं तं असं काहीच नाही. आपल्या वावरात तं गोटा बी नाही भेटत!"

पोरगं खरं बोललं, बरं का! आपला दर्यापूर तालुका म्हणजे पूर्णेचं खोरं. पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या चंद्रभागेसारख्या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून ओतला, त्याचा थर काही ठिकाणी शेकडो मीटर खोल आहे. म्हणून विहीर खणा की बोअर मारा, मातीच माती. आणि पाणी लागलं तर खारट! खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. आपल्या तालुक्यात लासूरचं आनंदेश्वराचं काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर पाहून या. आणि तिथं गेल्यावर हा प्रश्न स्वतःला विचारा, की सगळीकडं काळी माती असताना एवढा दगड कुठून आणला असेल?

पण पाऊस उघडल्यावर आभाळ निवळ असलं की उत्तरेकडं बघा. अंजनगावाच्या पलीकडं निळसर रेघ दिसते ना? ते गाविलगडचे डोंगर, आपला सातपुडा. त्याच डोंगररांगेत, मोर्शीच्या वर, महाराष्ट्राची हद्द संपून मध्य प्रदेशाचा बैतूल जिल्हा सुरू होतो तिथं धारूळ नावाचं गाव आहे. दर्यापुराहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. तासिलीला जायला विमान लागेल, इथं एसटीनं मोर्शी गाठता येते.

या धारूळच्या रानात २७ जानेवारी २००७ रोजी अमरावतीकडचे सहा मित्र फिरत होते. डॉ. विजय इंगोले, पद्माकर लाड, प्रदीप हिरुरकर, शिरीषकुमार पाटील, ज्ञानेश्वर दमाहे आणि मनोहर खोडे ही त्यांची नावं. ही मंडळी रानात भटकणारी, निसर्गावर जीव असणारी. सरकारनं त्यांना गुहा शोधायला पाठवलेलं नव्हतं. मुंगसादेव नावाच्या ठिकाणी त्यांना दगडाच्या आडोशाला रंगवलेली चित्रं दिसली. आता इथं गंमत बघा. चित्र दिसलं, फोटो काढला, घरी आले, असं त्यांनी केलं नाही. ते पुन्हा गेले. पुन्हा गेले. एकेक घळ, एकेक ओढा धरून वर चढले. शंभराहून जास्त चित्रांचे आडोसे त्यातून उजेडात आले! जवळच्या अंबादेवीच्या ठाण्यावरून या जागेला आता अंबादेवीचे शैलाश्रय म्हणतात. (अमरावती शहरातली अंबादेवी वेगळी. गल्लत करू नका.) पुढं पुरातत्त्व खात्याच्या लोकांनीही या भागाची पाहणी केली.

शैलाश्रय हा शब्द जड वाटतो, पण वस्तू सोपी आहे. गावाकडच्या घराला ओसरी असते, तशी डोंगराला असलेली ओसरी म्हणजे शैलाश्रय. वरचा दगड छपरासारखा पुढं आलेला, आत उन्हापावसापासून आडोसा. गुहेसारखा अंधार नाही. बसा, आग पेटवा, समोरच्या दरीत कोणतं जनावर पाण्यावर आलं ते बघा. आणि वेळ असला तर भिंतीवर चित्र काढा.

काय काय काढलंय त्यांनी? हत्ती, वाघ, हरणं. शिकार करणारी माणसं. काही चित्रं तांबड्या रंगाची, काही पांढऱ्या. काही ठिकाणी रंग नाहीच, दगडावर टोचून टोचून आकार कोरलेले. तांबडा रंग कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. पोळ्याला बैलाच्या अंगावर ठिपके देता, आजी सारवलेल्या भिंतीला खालून पट्टा ओढते, तोच गेरू. गेरूत लोखंडाचा गंज असतो. गंज आणखी काय गंजणार? म्हणून तो रंग टिकतो. डहाळीचं टोक दातांनी चावून चावून मऊ केलं की झाला कुंचला.

पण एक प्रश्न तरी राहतोच. आपल्या वऱ्हाडात डोंगर तर पुष्कळ, मग चित्रं याच भागात का सापडली? याचं उत्तर दगडात आहे. महाराष्ट्राचा बहुतेक दगड काळा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. तो ऊन-पावसानं कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत जातो आणि शेवटी त्याची काळी माती होते, आपल्या कपाशीची. वरचा पापुद्रा गेला की चित्रही गेलं! मोर्शीच्या वरच्या डोंगरात मात्र मधूनमधून वालुकाश्म, म्हणजे वाळूचा बनलेला दगड, उघडा पडला आहे. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी तो पाहिलेला आहे. या दगडाचे मोठाले आडोसे बनतात, आणि गेरू त्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. तेव्हा काळ्या दगडाच्या मुलखातल्या माणसांनी चित्रं काढलीच नाहीत असं म्हणू नका. काढली असतील, टिकली नाहीत.

आता वय. संशोधक म्हणतात की अंबादेवीच्या परिसरात सुमारे २५ हजार वर्षांपासून माणसाची वस्ती असावी. पण म्हणून सगळी चित्रं तेवढी जुनी आहेत असं समजायचं कारण नाही. जळलेलं लाकूड, हाड, शिंपला यांत कार्बन असतो. त्याच्यावरून वय काढण्याची रीत आहे. गेरूत कार्बन नाही, त्यामुळं ती रीत तिथं चालत नाही. मग अभ्यासक काय करतात? तुम्ही पाटीवर आधी फूल काढलं आणि त्याच्यावर घर काढलं, तर फूल आधीचं हे मी न पाहताही सांगीन. तसंच पांढऱ्या हरणावर तांबडा माणूस काढलेला असला, तर हरीण जुनं. चित्रात घोड्यावर बसलेला माणूस असला, तर ते चित्र घोडे पाळायला लागल्यानंतरचं, म्हणजे त्यामानानं अलीकडचं. असे धागे जुळवत जायचं. मला तर हे काम चोर पकडणाऱ्या फौजदारापेक्षा जास्त मजेचं वाटतं.

वयाची अगदी पक्की गोष्ट हवी असेल तर खानदेशात चला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथं १९७०च्या दशकात श्री. एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्याच्यावर दोन समांतर रेघा आणि त्यांच्यामध्ये फुल्या फुल्यांची नक्षी कोरलेली! वय सुमारे २५ हजार वर्षं. कवच कोणाच्या अंड्याचं, ओळखा पाहू. कोंबडीचं नाही, मोराचंही नाही. शहामृगाचं! होय, आज फक्त आफ्रिकेच्या रानात पळणारा शहामृग तेव्हा आपल्याकडं होता. भारतात सापडलेल्या अशा जुन्या कवचांतून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी डीएनए वेगळा काढला, आणि ते शहामृगाचंच असल्याचं २०१७ साली प्रसिद्ध केलं. शहामृग कोरड्या, मोकळ्या माळरानाचा पक्षी. सहारात चित्रांनी हिरवा काळ दाखवला, आपल्याकडं अंड्याच्या तुकड्यानं कोरडा मुलूख दाखवला.

सातपुड्याच्या पलीकडं भोपाळजवळ भीमबेटका आहे. तिथली चित्रं १९५७ साली जगापुढं आणली ती विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी माणसानं. आगगाडीतून जाताना त्यांना दूरवर डोंगरावरचे विचित्र खडक दिसले, आणि ते पाहायला ते गेले. तुमच्यापैकी किती जण गाडीच्या खिडकीतून बाहेर बघतात? २००३ साली युनेस्कोनं भीमबेटकाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कोकणात तर निराळंच. तिथं भिंतीवर नाही, पायाखाली, सड्याच्या जांभ्या दगडात चित्रं खोदलेली आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब! आपल्या शाळेचे दोन वर्ग जोडले तरी तो मावायचा नाही. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. पण कोकणावर पुढं कधी तरी सबंध लेख लिहायचा आहे, म्हणून आज एवढंच.

वर्गात दुसरा प्रश्न आला तो असा, "सर, त्याईनं आपलं नाव काहून नाही लिहिलं?"

लिहिणार कसं? लिपीच नव्हती. अक्षरं पुष्कळ पुढं आली. जगात काही ठिकाणी, अर्जेंटिनातल्या एका गुहेत तर भिंतभर, हाताचे पंजे उमटवलेले आहेत. दगडावर हात ठेवायचा आणि भोवती रंग फुंकायचा. त्यांत पोरांचे लहान पंजेही असतात. तीच काय ती सही.

नाव लिहिण्याची हौस आपल्याला फार. किल्ला बघा, देऊळ बघा, खडूनं, कोळशानं, खिळ्यानं नावं घातलेली. बाणाच्या खुणा आणि बदाम तर विचारूच नका. जुन्या चित्रांच्या दगडावर असं नाव कोरलं की खालचं चित्र कायमचं गेलं. ते पुसून काढायला जावं तर नावाबरोबर गेरूही निघतो. शहाण्या माणसांनीही चित्रांचं नुकसान केलं आहे. १९५६ साली ऑन्री लोत नावाचे फ्रेंच संशोधक तासिलीला मोठी तुकडी घेऊन गेले. जेब्रीन नावाच्या तिथल्याच तुआरेग वाटाड्यानं त्यांना वाटा दाखवल्या. त्यांनी शेकडो चित्रांच्या नकला केल्या, पॅरिसमध्ये प्रदर्शन भरवलं, जगभर नाव झालं. पण चित्रं ठळक दिसावीत म्हणून त्यांच्या माणसांनी ती पाण्यानं ओली करून पुसली. हजारो वर्षं टिकलेले रंग त्यामुळं फिके पडले. आजही लोक फोटो चांगला यावा म्हणून बाटलीतलं पाणी चित्रावर उडवतात. तुमच्यासमोर कोणी उडवू लागलं, तर मोठा माणूस असला तरी हात धरा. मी सांगितलंय म्हणा.

धारूळची चित्रं उघड्या रानात आहेत. गुराखी तिथं बसतात, वाटसरू बसतात, पावसाळी झरे फुटतात, माश्या आणि मधमाश्या दगडावर घरं करतात. निम्मी वाट एका राज्यात आणि निम्मी दुसऱ्या राज्यात. मोठं झाल्यावर तुमच्यातल्या कोणी तिथं जाऊन एकेका चित्राची नोंद करायचं काम हाती घेतलं, तर ते आजही पुरून उरेल इतकं आहे. जाल तेव्हा मात्र मोठ्या माणसांबरोबर आणि गावातला माहीतगार घेऊन जा. अस्वलांचं रान आहे ते.

तोवर घरी एक प्रयोग करा. पाऊस सुरू व्हायच्या आत करायचा आहे. कुठं घराचं बांधकाम चालू असलं तर फरशीचे सहा तुटके तुकडे मागून आणा. थोडा गेरू घ्या. त्याचे तीन भाग करा. एक नुसत्या पाण्यात कालवा, एक बाभळीचा डिंक विरघळवलेल्या पाण्यात, आणि एक गोडेतेलात. कडुनिंबाची काडी चावून कुंचला करा (दातही स्वच्छ होतील!). प्रत्येक रंगानं दोन दोन तुकड्यांवर बैल काढा. सहा बैल झाले. आता तिन्ही रंगांचा एकेक तुकडा वळचणीच्या आत, जिथं पाणी येत नाही तिथं भिंतीला टेकवून ठेवा, आणि उरलेले तीन उघड्या अंगणात. अंगणातल्या तुकड्यांवर बकरी उभी राहणार नाही अशी जागा निवडा. मग पावसाळाभर हात लावायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सहाही तुकडे ओळीनं मांडा. कोणता बैल आहे, कोणता गेला, कोणाचे नुसते पाय उरले, ते पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. आणि हो, तुकड्यांच्या पाठीमागं आज पेन्सिलीनं तारीख घालून ठेवा.