वेसावकराचं गाव वेसावेच

वेसाव्याच्या कोळ्याला गाव विचारलं आणि तो ‘वेसावे’ म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ते झालं, पण मूळचं?’ गाव म्हणजे मागे सोडून आलेली जागा आणि मुंबईत सगळेच उपरे, हा समज त्या प्रश्नात दडलेला आहे. मला तो साफ अमान्य आहे.

त्या समजाला आधार आहे, हे कबूल. चिनी कुटुंबांत मूळ गाव वडिलांच्या घराण्यावरून ठरतं. नातू परदेशात जन्मला तरी गाव आजा-पणजाचंच. मुंबईतच माझगावचं चिनी लोकांचं सी यप देऊळ १९१९ साली उभारलं, ते क्वांगतुंग प्रांतातल्या चार परगण्यांच्या, एका बोलीच्या लोकांनी. गिरणगावातल्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या याच ओढीच्या. पण घर सोडून आलेल्यांची ही फूटपट्टी जागेवरच राहिलेल्यांना का लावायची? १७३९मध्ये वेसाव्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, १७७४मध्ये इंग्रजांकडे गेला. १९५०मध्ये वेसावे ज्या अंधेरीत येतं ती बृहन्मुंबईत आली. कोळी शहरात आला नाही, शहर त्याच्या दारात आलं.

‘कोळी बोली म्हणजे बिघडलेली मराठी’ हे तर त्याहून अन्यायाचं. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातल्या मराठी खंडात (१९०५) तिची वेगळी नोंद आहे. ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ हे या बोलीत नियमाने येतं. नियमाने होतं त्याला चूक कसं म्हणायचं? ‘पानी’ म्हटल्याबद्दल पोराला वर्गात गप्प बसवणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. मढ-मनोरीकडच्या ख्रिस्ती कोळ्यांचं बोलणंही याच बोलीच्या नात्यातलं. धर्म बदलला तरी ते नातं तुटलं नाही.

कोळीही कधीतरी कुठून तरी आलेच असतील, असं कुणी म्हणेल. असतील. पण गाव रक्ताच्या चाचणीवर उभं नसतं. सून मढची असो की दांड्याची, ती नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देते. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात, तेव्हा ती झळ तिच्याही चुलीला बसते. माझ्या लेखी गाव ते हे.

वाद नुसत्या अभिमानाचा नाही. गाव मानलं नाही, की मासळी सुकवायचं मैदान कागदावर ‘मोकळी जागा’ ठरतं आणि घरं झोपडपट्टीत मोजली जातात. म्हणून कोळीवाड्याच्या सीमांकनात घरांबरोबर बोंबील सुकवायची जागा, जाळी दुरुस्त करायचं अंगण आणि होड्या ओढायची वाटही नकाशावर आली पाहिजे, आणि ती दाखवायला गावातल्या बायका मोजणीच्या वेळी हजर हव्यात.