आर्किटेक्टची पदवी सीमेवर का अडते?

आपल्या घरांतून बी.आर्क.ला जाणाऱ्या मुलामुलींचं आता नवल राहिलेलं नाही. वांद्र्याचं रिझवी कॉलेज, नवीन पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं कळसेकर संकुल अशा ठिकाणी पाच वर्षं रात्ररात्र जागून शीट काढणारी आपली मुलं भेटतात. कुणी तरी बाहेर जाणार हेही घरात धरलेलं असतं. चाचा रियाधला असतात, मामू लंडनला, आपाचं सासर टोरांटोत. पण ही पदवी बाहेर नेमकी किती चालते, हा प्रश्न प्रवेश घेताना कुणी विचारत नाही आणि निकाह ठरवताना तर नाहीच.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या धंद्यात परवाना नावाची भानगड नाही. कोड चालतो की नाही एवढंच बघतात, तो पुण्यात लिहिला की बर्लिनमध्ये याने फरक पडत नाही. आर्किटेक्टचं तसं नाही. बहुतेक देशांत 'आर्किटेक्ट' हा शब्दच कायद्याने राखून ठेवलेला आहे. आपल्याकडेही १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय नावामागे ती पदवी लावता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ३७ ची बंदी नावावर आहे, कामावर नाही. ब्रिटनमध्येही असंच आहे. इमारतीचं डिझाइन कुणीही करू शकतं, पण १९९७ च्या कायद्यानुसार आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या, म्हणजे एआरबीच्या, यादीत नाव नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं गुन्हा आहे.

म्हणून परदेशात गेलेल्या आपल्या पोरांच्या कार्डावर 'आर्किटेक्चरल असिस्टंट' किंवा 'आर्किटेक्चरल डिझायनर' असं लिहिलेलं दिसतं. काम तेच, जबाबदारीही बरीचशी तीच. पगार आणि सही मात्र दुसऱ्याची.

ब्रिटनमधली नेहमीची वाट तीन टप्प्यांची: पार्ट वन, पार्ट टू आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवानंतर पार्ट थ्री. सगळं मिळून साधारण सात वर्षं. आपल्याला वाटतं की आपली पाच वर्षं म्हणजे पहिले दोन टप्पे झालेच. तसं कुणी मोजत नाही. परदेशी पदवीवाल्यांना कित्येक वर्षं एआरबीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागत आली. तिच्यात आपलं कॉलेजचं आणि नोकरीतलं काम त्यांच्या एकेका निकषाला जोडून दाखवायचं आणि मग परीक्षकांसमोर बसायचं. एआरबी सध्या शिक्षणाची ही रचनाच बदलते आहे, तेव्हा जाणाऱ्याने चुलतभावाच्या सांगण्यावर न राहता ताजे नियम स्वतः वाचावेत.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचं मंडळ वेगळं. परदेशी पदवी आधी तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघितली जाते, त्यासाठी विषयवार अभ्यासक्रम मागतात. मग ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव, त्यातले किमान १,८६० तास तिकडचा परवाना असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली. आणि सहा भागांची परीक्षा. सौदीत आर्किटेक्टची नोंदणीही सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडेच होते. कागद खरे आहेत हे पटल्याशिवाय तिथे पुढचं पाऊल पडत नाही.

ही अडवणूक नुसती आडमुठेपणाची आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ साली लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली, त्यात कितीतरी मुसलमान कुटुंबं होती. बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणाने आग वर चढली होती. त्यानंतर तिथले नियम आणखी कडक झाले. त्या देशाचे आगीचे नियम, बर्फाचं ओझं, करारांचा कायदा हे ज्याला माहीत नाही त्याने तिथे सही करू नये, हे बरोबरच आहे. त्याची परीक्षा जरूर घ्या. पण प्लॅन, सेक्शन, स्ट्रक्चर, इतिहास हे सगळं पाच वर्षं शिकून, वर दहा वर्षं इमारती उभ्या करून आलेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थ्यासारखं पहिल्यापासून सिद्ध करायला लावायचं, यात सुरक्षेपेक्षा फाटक बंद ठेवण्याची सोय जास्त दिसते.

आपण अभिमानाने फझलुर रहमान खान यांचं नाव घेतो. ढाक्याचा माणूस, शिकागोचा सिअर्स टॉवर, जेद्दाहचं हज टर्मिनल. ते स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. झाहा हदीद बगदादच्या, २००४ साली प्रित्झकर मिळवणारी पहिली स्त्री. पण एक गोष्ट आपण सांगायची विसरतो. खान इलिनॉय विद्यापीठात शिकले आणि झाहा लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये. दोघांच्याही हातात त्या देशाची पदवी होती. मुंबईत शिकून, कमावता होऊन, मग बायकापोरांसह जाणाऱ्याचा रस्ता वेगळा आहे, आणि त्याला ही उदाहरणं फारशी उपयोगाची नाहीत.

सगळ्यात जास्त किंमत मुली मोजतात. माझी एक मामेबहीण निकाहनंतर बर्मिंगहॅमला गेली. हुशार, गोल्ड मेडलवाली. तिकडे कळलं की कॉलेजचं काम दाखवावं लागणार. शीट कुठे होत्या? घर रंगवताना मामीने रद्दीवाल्याला दिल्या होत्या. आधी कागद जमवण्यात, मग मूल लहान म्हणून, चार वर्षं गेली. 'आता कशाला हवं ते सगळं' असं म्हणणारी माणसं दोन्ही घरांत होतीच. लग्न ठरवताना मुलाचा व्हिसा, पगार, घराचं भाडं सगळं विचारलं जातं. मुलीची पदवी तिथे चालण्यासाठी किती वर्षं आणि किती पैसे लागतील, आणि ते कोण देणार, हेही त्याच बैठकीत विचारायला काय हरकत आहे? मेहेरची रक्कम ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा हिशेब काही अवघड नाही.

आणि आपल्या नावांची एक वेगळीच गंमत आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर शेखचं एक स्पेलिंग, पदवीवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे शेवटी, लग्नानंतर आणखी बदल. इथे कुणाला काही वाटत नाही, तिथे मात्र ही तीन वेगळी माणसं ठरतात. हे गॅझेटमध्ये देऊन कॉलेजात असतानाच दुरुस्त करून घ्या. शीट स्कॅन करा. प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. नोकरीत कुठल्या प्रकल्पावर किती महिने, काय काम केलं, याची नोंद वरिष्ठांच्या सहीने ठेवा. पाच वर्षांनी तो बॉस कुठे असेल सांगता येत नाही.

पण हे सगळं एकेकट्याने करायचं झालं. खरा प्रश्न देशपातळीवरचा आहे. इंजिनिअरांचं उदाहरण घ्या. २०१८ साली कुवेतमध्ये इंजिनिअरचा इकामा वाढवण्यासाठी तिथल्या सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचा ना-हरकत दाखला लागू लागला, आणि त्या सोसायटीने फक्त एनबीएची मान्यता असलेले भारतीय अभ्यासक्रम धरले. वर्षानुवर्षं तिथे काम करणारी माणसं एका रात्रीत इंजिनिअर राहिली नाहीत. चूक त्यांची नव्हती, त्यांच्या कॉलेजने मान्यता घेतली नव्हती. निदान इंजिनिअरिंगमध्ये भारत २०१४ पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे मान्यताप्राप्त पदवीला बाहेर काही आधार तरी आहे. आर्किटेक्चरसाठी असाच कॅनबेरा अकॉर्ड २००८ साली झाला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन, कोरिया, मेक्सिको यांच्या संस्थांनी सह्या केल्या. आपली कौन्सिल त्यात नव्हती.

अधिकार नाही असंही नाही. आपल्याच १९७२ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की कौन्सिलला दुसऱ्या देशांच्या नोंदणी संस्थांशी परस्पर मान्यतेच्या योजनेसाठी बोलणी करता येतात. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेने इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या संस्थांशी असे करार करून दाखवले. २०२२ च्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारात तर परस्पर मान्यतेसाठी नर्सिंगबरोबर आर्किटेक्चरचं नाव घेतलेलं आहे, बोलण्यांसाठी १२ महिन्यांची मुदतही आहे. करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. ती मुदत केव्हाच उलटली.

त्या कलमाचं काय झालं, हे कौन्सिलला आणि वाणिज्य मंत्रालयाला माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज आहे. तो आपण या अंकाच्या वतीने करणार आहोत, उत्तर आलं की इथे छापू. तोवर ज्यांनी लंडन, रियाध, टोरांटो, मेलबर्न कुठेही ही वाट काढली आहे त्यांनी किती वर्षं लागली, किती खर्च आला, कुठला कागद अडला ते लिहून पाठवा. मराठीत लिहा, म्हणजे ते खेड-चिपळूणच्या अम्मीअब्बांनाही वाचता येईल.